एक चिप, दोन मळे

हिंजवडीत माझी अकरावी मुलाखत चालू होती, तिथं समर्थ भेटला. भेटला म्हणजे काय... साहेबांनी आम्हा दोघांना एकदमच आत बोलावलं आणि दोन फायली शेजारी ठेवल्या. चिप तीच, आकडेही तेच. चिप डिझाइनच्या क्लासनं नमुना म्हणून दिलेला प्रोजेक्ट आम्ही दोघांनीही आपला म्हणून लावला होता.

"यात ओरिजिनल कोण?"

"आमच्यात कुणीच नाही, सर," तो म्हणाला. कित्येक दिवसांनी मला हसू आलं.

मंचरच्या एसटीत तो शेजारीच बसला.

"पावणं, गाव कुठलं?" मीच विचारलं.

"महाळुंगे पडवळ. तुमी?"

"लोणी. निदान फायलीतलं अक्षर तरी बदलायचं व्हतं."

"तुमीबी बदलायचं की."

दसऱ्यापर्यंत नोकरी लागली नाही तर गावातल्या शाळेत शिकवायला जायचं, असं वडिलांशी ठरलं होतं. मला चिपच करायची होती. म्हणून नवा प्रोजेक्ट दोघांनी मिळून घेतला. चिपमधले हजारो तुकडे कुठं बसवायचे ते त्यानं ठरवायचं, त्यांना जोडणाऱ्या तारा मी ओढायच्या. एकेका फेरीला लॅपटॉप सहा-सहा तास चालायचा, आणि आमची दोन्ही घरं मळ्यात, शेतीच्या लाइनवर. त्याच्याकडं दिवसाची लाइट सोमवार ते बुधवार, माझ्याकडं गुरुवारपासून. लाइट असेल तिकडं फाइल जायची, सोबत एखादी ओळ.

"चिपच्या कोपऱ्यात तुकड्यांची गर्दी झालीय, रागावू नका."

"रागावले. जेवलात का?"

रविवारी मंचरला चहाच्या टपरीवर भेटायचो. एकदा आकृती बघता बघता तो बसल्या जागी झोपला. मी त्याच्या कपावर बशी झाकली आणि तासभर त्याच्याकडं बघत राहिले—माझेही डोळे चुरचुरत होते, पण उठवावंसं वाटेना.

बाराव्या मुलाखतीला मला एकटीलाच बोलावलं.

"यात तुमचं किती?"

"अर्धं. तुकडे समर्थनं बसवलेत, तारा माझ्या. माझ्या अर्ध्यातलं काहीही विचारा."

त्यांनी दोन तास विचारलं. आठवड्यानं नोकरीचं पत्र आलं, बंगळूरचं.

मी ते मंचरच्या स्टँडवर त्याला दाखवलं.

"लई भारी," तो म्हणाला. मग खाली बघून, "आता गुरुवारी फाइल कुणाला पाठवू?"

"मलाच. तू आवडतोस मला, समर्थ."

पहिल्यांदाच मी त्याला 'तू' म्हणाले.

"मला तर कवाधरनं..." तो अडखळला. "पण मी अजून बेकार हाय, प्राची. घरी काय सांगशील?"

"आधी माणूस कसा हाय ते सांगीन. नोकरीचं मागनं बघू."

तो माझी पिशवी उचलून लोणीच्या गाडीपर्यंत आला. गाडी हलली तरी पिशवी त्याच्याच हातात होती, म्हणून मीही चढले नाही.