फक्त पहाटेचे आकडे

आईचे आकडे फक्त पहाटेच का येतात, हे नीरजाला कळत नव्हतं.

काटेमाळ गावात ताप पसरून सतरा दिवस झाले होते. आजारी माणसांना ओढ्यापलीकडच्या सात शेडमध्ये ठेवलं होतं. प्रत्येकाच्या छातीवर एक पट्टी होती. ती नाडी, श्वास आणि रक्तातला प्राणवायू मोजायची आणि दर मिनिटाला आकडे गावच्या टॉवरकडे पाठवायची. तिथून ते जिल्ह्याच्या डॉक्टरांकडे जात आणि डॉक्टर तिकडूनच शेडमधलं प्राणवायूचं यंत्र कमीजास्त करत. निदान तसं ठरलं होतं.

शेड पाचमधले केरबाआजोबा सोमवारी दुपारी गेले. त्यांचं यंत्र तेव्हाही पहाटेच्याच मापावर चालू होतं. शेड सहामध्ये नीरजाची आई होती.

आईला तिकडे नेल्यापासून अकरा वर्षांची नीरजा टॉवरच्या खोलीत मेघनाआत्याजवळ राहत होती. आत्याने पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत बावीस वर्षं बिनतारी लहरींवर काम केलं होतं. आता गावाचं ब्रॉडबँड तीच सांभाळायची. बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर नीरजाने तीन दिवसांच्या वेळा उतरवलेली वही तिच्यापुढे ठेवली. सगळे आकडे तीन ते पाचच्या दरम्यानचे होते. दिवसभरात एकही नाही.

पट्टीची बॅटरी उतरत असेल, असं आत्या म्हणाली. मग ती पहाटे आपोआप कशी भरते, असं नीरजाने विचारलं. आत्याने वही जवळ ओढली आणि एकेका वेळेवरून बोट फिरवलं.

"पहाटे गावात काय वेगळं असतं?" तिने शेवटी विचारलं.

"सगळे झोपलेले असतात."

आत्याने पडद्यावर एक तक्ता उघडला. टॉवर एका वेळी सगळ्यांशी बोलत नाही, तिने सांगितलं. तो एका सेकंदाचे हजार तुकडे करतो. एकेक तुकडा एक मिलिसेकंदाचा (सेकंदाचा हजारावा भाग). कुणाला काही पाठवायचं असो की घ्यायचं, ते मिळालेल्या तुकड्यातच. तुकडा कुणाला द्यायचा हे वाटपकार (टॉवरच्या संगणकातला वाटणी करणारा भाग) ठरवतो. जवळच्या घराला लहरी स्पष्ट पोचतात, म्हणून टॉवर त्याच्याशी भरभर बोलतो आणि एका तुकड्यात शंभर ओळी जातात. शेड सहा लांब, मध्ये टेकडी. तिथलं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून सावकाश बोलावं लागतं. त्याच तुकड्यात जेमतेम चार ओळी.

"मग तुकडा कुणाला मिळतो?"

"शंभरवाल्याला. दरवेळी. त्याला काही नको असेल तरच पुढच्याला."

पूर्वी दिवसा माणसं शेतात असत, त्यामुळे तुकडे शिल्लक राहत आणि कुणाच्या काही लक्षात आलं नाही. आता तापाच्या भीतीने सगळं गाव घरात बसून सिनेमे आणि मॅच बघत होतं.

"असा नियम कुणी केला?"

"मी," आत्या म्हणाली. सगळ्यांत जास्त माहिती वाहून नेणारं गाव म्हणून तालुक्यात पहिला नंबर हवा होता. गावाच्या समितीने सांगितलं आणि तिने तो नियम एका दुपारी लिहून दिला. नंबर आलाही. पाटी ग्रामपंचायतीवर अजून होती.

नीरजाला रडू येत होतं, पण तिने आधी विचारलं, की सातही शेडच्या आकड्यांना किती तुकडे लागतात.

आत्याने हिशोब केला, मग पुन्हा केला. "हजारातले पाच."

"सोमवारी पाच दिले असते तर?"

"तर केरबाआजोबांचे आकडे पोचले असते," आत्या म्हणाली. तिने नजर वळवली नाही.

मग ती कामाला लागली. पाच तुकडे शेडसाठी राखून ठेवले. उरलेल्यांसाठी वाटपकाराला भागाकार शिकवला: या क्षणी ज्याला जितक्या वेगाने देता येईल, त्याला आतापर्यंत सरासरी मिळालेल्या वेगाने भागायचं. ज्याचं उत्तर मोठं, त्याला तुकडा.

"म्हणजे ज्याला कमी मिळालंय त्याचा छेद लहान, म्हणून उत्तर मोठं," नीरजा म्हणाली. "आणि ज्याला भरपूर मिळालंय तो आपोआप मागे जातो."

"हो. एकूण बेरीज थोडी घटते. नंबर जाईल."

दहा मिनिटांत शेजारच्या बापू चौगुल्यांचा फोन आला. मॅच अडकतेय, प्रयोगशाळेतलं शिक्षण गेलं वाटतं ओढ्यात, म्हणाले. आत्याने त्यांना शेडबद्दल सांगितलं. मग त्यांनी विचारलं, टीव्ही बंद केला तर अजून थोडं जाईल का तिकडे?

दोन वाजून सोळा मिनिटांनी शेड सहाचा प्राणवायूचा आकडा आला: चौऱ्याऐंशी. वाईट होता. पण डॉक्टरांनी तो पाहिला आणि यंत्र वाढवलं. पुढच्या मिनिटालाही चौऱ्याऐंशीच. मग पंच्याऐंशी. आई वाचेल का, हे आत्या सांगू शकत नव्हती आणि नीरजानेही विचारलं नाही.

आत्याचा तो जुना नियम आणखी एकतीस गावांनी उचलला होता. त्यांतल्या अकरा गावांत ताप होता. आत्या नवा नियम पाठवू लागली, आणि नीरजाने यादीतल्या पहिल्या गावाचा फोन लावला.

"काका, तुमच्याकडे टॉवरपासून सगळ्यांत लांब कोण आजारी आहे?" ती म्हणाली. "त्यांचे आकडे किती वाजता येतात, तेवढं बघता का? मी थांबते."