कपारीतलं जेवण

लाइट गेली होती. अंगणात खाटेवर बसून शेषरावआबांनी आचल आणि रोहित या नातवंडांना बार्शीटाकळीच्या कुंदनची गोष्ट सांगितली. कुंदन त्यांच्या साडूचा मुलगा, तेव्हा गोष्ट खरीच.

"मटणाची गोष्ट आहे," आबा म्हणाले.

"मंग भूक लागंन ना, आबा!" रोहित हसला.

"नाही लागत."

कुंदनला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली. दोन वर्षांमागच्या पौषात, अमावास्येला, तो भावकीतल्या चौघांसोबत बकरा घेऊन नवस फेडायला गेला. चिखलदऱ्याच्या पुढं, कड्याच्या पोटात देवीची कपार आहे. बायको रागिणी बाळंतीण, म्हणून घरीच.

कपारीत पायाखाली वटवाघळांच्या शिटेचा मऊ थर होता. दगडावरून जुनं तेल आणि शेंदूर साकळून लोंबत होता. वास घशाला चिकटायचा. तरी बकरा कापून, रांधून सगळे तिथंच जेवले. रीतच तशी.

कुंदननं मात्र रागिणीसाठी मटणाचा डबा भरला. पुजारी पुंजाजीनं हात धरला.

"इथलं इथंच ठेवा, भाऊ. नाही तं ते तुमच्या घरी जेवाले येते."

"येऊ द्या. दोन पोळ्या जास्त टाकाले सांगतो," कुंदन म्हणाला.

घरी पोचायला अकरा वाजले. रागिणीनं डबा उघडला आणि तोंडाला पदर लावला.

"हे काय आणलं, जी?"

फोडी पांढऱ्या पडलेल्या. कोणी चावून परत टाकल्यासारख्या. उचललेल्या चमच्याला लाळेची तार आली.

"सकाळी फेकतो," म्हणून कुंदननं झाकण लावलं. थकला होता. झोपला.

रात्री जाग आली. स्वयंपाकघरात आवाज. चप... चप... चप...

कुत्रं असेल. पण दार तर बंद.

तो मोबाइलचा उजेड धरून गेला. डबा उघडा. आतून लख्ख. नुसता ओला.

तिथं कोणी नव्हतं.

मग पुन्हा... चप... चप...

आता पाळण्यातून.

कुंदन धावला. उजेड पडला, तसा आवाज थांबला. मुलगी शांत झोपली होती. तिच्या टाळूवरचं जावळ रुपयाएवढं साफ गेलं होतं. ओरखडा नाही. रक्त नाही. कातडी नुसती चिकट, ओली...

रोहित आबांना खेटून बसला.

"पोरगी बरी आहे ना, आबा?" आचलनं हळूच विचारलं.

"आहे. चालते, बोलते."

पण तिथं केस उगवत नाहीत. रागिणी रोज रात्री कोरड्या फडक्यानं टाळू पुसते, कडी लावते, मुलीला कुशीत घेऊन झोपते.

सकाळी ती जागा ओली असते.