नजर जाईल तिथे फोकस

एक डोळा कॅमेऱ्याला लावलेला, आणि दुसरा डोळा वर-खाली, डावीकडे-उजवीकडे गरगर फिरतोय... असा माणूस तुमच्या ताईच्या लग्नात हॉलच्या खांबाला टेकून उभा दिसला, तर तुम्ही काय कराल? मी तरी सरळ जाऊन विचारलं.

"डोळ्यात काही गेलं काय तुमच्या?"

त्यानं कॅमेरा खाली घेतला. पांढरा शर्ट, कपाळावर घाम, आणि चोरी पकडल्यासारखं हसू. "नाही जी... कॅमेऱ्याले माहा डोळा शिकवून रायलो."

झालं. चौकशी केल्याशिवाय मला जेवण पचत नाही, असं आई म्हणते, आणि खरंच म्हणते. हातात फुलांच्या पाकळ्यांचं ताट, आत करिश्माताई पांढऱ्या साडीला पिन लावायला हाका मारतेय, पण माझा पाय निघेना.

"म्हंजे?"

"हा नवीन हाय. आपन आतमंदी जिकडे पाहू, तिकडेच हा फोकस करते. आज पैल्यांदाच वापरून रायलो."

त्याचं नाव सुगत. अकोल्याच्या जुन्या शहरात त्याचा छोटा स्टुडिओ, आणि अमरावतीतलं हे त्याचं पहिलंच काम.

"आन पुढं काय येईन?" मी विचारलं.

"चष्म्यातच येईन. पापनी मिटली का फोटो."

"आन त्याच्या पुढं?"

"त्याच्या पुढं... मानूस हासाच्या आंधीच कॅमेऱ्याले समजन, का आता हा हासते म्हनून."

"वास येईन काय फोटोले? या मोगऱ्याचा?"

त्यानं माझ्या गजऱ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "आला तं बरं होईन," तो हळूच म्हणाला.

"सगळं तोच करन, तं तुमी काय करसान?"

हे मी गमतीनं विचारलं होतं, पण त्याचा चेहरा गंभीर झाला. "रोज तोच विचार करतो. पन कुठं पाहाचं, हे तं त्याले मलेच सांगा लागन ना."

"सांगा मंग," असं म्हणून मी तिथून सटकले. कान का तापले होते, कोण जाणे... कूलर तर अगदी समोर होता.

मग त्रिशरण झालं, पंचशील झालं, ताईनं आणि भाऊजींनी एकमेकांना हार घातले, आम्ही पाकळ्या उधळल्या. लग्न लागलं आणि ताई अंजनगावला गेली. अल्बमच्या निमित्तानं सुगतनं माझा नंबर घेतला आणि प्रश्नांच्या निमित्तानं मी त्याला रोज मेसेज करायला लागले. कॅमेऱ्याला अंधारात दिसेल का? आनंदानं रडणारा माणूस वेगळा ओळखू येईल का? तो प्रत्येकाचं उत्तर द्यायचा. एकदा मी विचारलं, "पुढं कॅमेरा खोटं बोलन काय?" त्याचं उत्तर काही आलं नाही.

उत्तराऐवजी तो स्वतःच आला. ताई-भाऊजी माहेरी आले होते आणि सगळ्या घरानं एकत्र बसून टीव्हीवर फोटो पाहायचं ठरवलं होतं. त्यानं मला फाटकातच गाठलं.

"पिंकी, घोळ झाला. हाराचे सगळे फोटो गेले. मले त्या लहान्या स्क्रीनवर समजलंच नाही... फोकस मांगं गेला. तुमच्यावर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताईचा हार घालतानाचा फोटो. बाबांनी भिंतीवर त्याची जागासुद्धा ठरवून ठेवली होती. आणि त्याच वेळी त्यानं मलाच पाहिलं हे ऐकून बरंही वाटलं, याचा तर आणखीच राग आला.

"कॅमेरा बिघडला म्हना आन मोकळे व्हा," मी म्हणाले.

माझे बाबा बौद्धाचार्य. समाजातली कितीतरी लग्नं तेच लावतात. लग्नघरात पोरीकडे पाहत बसणारा फोटोवाला, असं बाबांच्या तोंडून एकदा निघालं, की अमरावतीत त्याला कोणी काम देणार नव्हतं. हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही.

मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी राहिले. टीव्हीवर फोटो आला. ताई आणि भाऊजी म्हणजे पिठात बुडवल्यासारखे पांढरे डाग, आणि त्यांच्या मधून मागे मी, पापणीन् पापणी दिसेल इतकी स्वच्छ. पुढचा फोटो तसाच. त्याच्या पुढचाही तसाच.

"हे काय हाय, सुगत?" बाबांनी विचारलं.

"नवीन मशीन, बिघडली असन," आईनं सावरून घेतलं.

आता तो 'हो' म्हणणार. म्हणू दे ना, मी मनात म्हटलं... आणि लगेच वाटलं, नको, म्हणू नको.

"नाही काकू, कॅमेरा चांगला हाय," सुगत म्हणाला. "मानूस जिकडे पायते तिकडे तो फोकस करते. मीच पिंकीकडे पाहून रायलो होतो. चूक माही हाय."

बाबांनी टीव्हीवरचा फोटो पुन्हा एकदा न्याहाळला, मग ते माझ्याकडे वळले.

"आन पिंके, तू कोनाकडे पाहून रायली?"

तेव्हा कुठं मी नीट पाहिलं. हॉलमधली सगळी माणसं ताईकडे पाहत होती. मी एकटी सरळ कॅमेऱ्यात. प्रत्येक फोटोत. जगाला प्रश्न विचारत फिरणारी मी, आणि या एका प्रश्नापासून लपायला मला जागा नव्हती.

"त्याच्याकडे," मी म्हणाले.

बाबांनी रिमोट खाली ठेवला. "जावाईबापू, रविवारी पुन्हा हार घाला. फोटो हाच काढन. पिंकी माह्याजवळ बसन, कॅमेऱ्याच्या मांगं."

सुगतनं मान हलवली आणि जायला उठला.

"बस, चहा पी," बाबा म्हणाले. "त्याच्यानंतरचं या घरातलं लग्न बी मीच लावतो. पन फोटोवाला दुसरा पाहा लागन."

ताई आधी हसली. सुगतला ते समजायला जरा वेळ लागला. मला नाही लागला.