कोजागिरीचा बंद डबा

“तिळाच्या वड्या,” मोतीलालनाना डोळे मिटून म्हणाले, आणि सुरू होण्याआधीच खेळ संपला.

झुंबरनं फडक्याची गाठ सोडली. डब्यात तिळाच्या वड्याच होत्या. ओट्यावर दाटीवाटीनं बसलेली माणसं हसली, एकेक वडी तोंडात टाकून उठली आणि आपापल्या घरी गेली. भुलाबाईच्या मातीच्या मूर्तीपुढे ठेवलेल्या पत्र्याच्या डबीत एकच आणा पडला होता. तोही नानांचाच.

“अशानं यंत्र यायच्या आत आपली सगळ्यांची लग्नं होतील,” कौतिक डबी कानाशी हलवत म्हणाला.

“तुझं नाही होणार,” झुंबर म्हणाली. “भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या पोराला कोण मुलगी देतं?”

कौतिकनं डबी खाली ठेवली. सुट्टी लागल्यापासून तो मुलींच्या घोळक्यात टाळ्या पिटत गात होता, हे सगळ्या सावदा गावाला माहीत होतं.

गात होता त्याला कारणही होतं. त्या वर्षी, म्हणजे सन अडतीसच्या पावसाळ्यात, खालच्या आळीतल्या लहान पोरांची पोटं फुगायला लागली होती. हातपाय काड्यांसारखे आणि पोट घागरीएवढं. झुंबरचा चार वर्षांचा भाऊ लोटन एक दिवसाआड तापानं फणफणायचा. उतरला ताप की उन्हात बसून नुसता बघत राहायचा. गावचे तरुण डॉक्टर लीलाधर रोज सायकलवरून यायचे आणि पोरांची पोटं चाचपायचे.

“हिवताप असेल तर कोयनेलचं कडू औषध द्यायचं. यकृताचं दुखणं असेल तर त्याचा काही उपयोग नाही,” ते झुंबरच्या आजीला, मंजुळाअक्काला, म्हणाले होते. “पोरांच्या रक्ताचा एकेक थेंब काचेवर घेऊन पाहिला पाहिजे. कोणत्या घरात, कोणत्या विहिरीजवळ किती पोरं आजारी आहेत, ते लिहिलं पाहिजे. त्याशिवाय मी अंधारात दगड मारतोय.”

रक्त पाहायचं सूक्ष्मदर्शक यंत्र भुसावळच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे विकायला होतं. कोजागिरीपर्यंत ते थांबणार होते. पुढे ते यंत्र खंडव्याला जाणार. लीलाधर डॉक्टरांनी निम्मी रक्कम स्वतः उभी केली होती. उरलेल्यासाठी मोठ्या माणसांनी श्रावणात कमिटी केली. मोतीलालनाना तिचे अध्यक्ष. कमिटीनं चहा घेतला, वर्गणीदारांची यादी केली, आणि यादी हरवली.

मग झुंबरला ही युक्ती सुचली. भुलाबाईच्या महिन्यात मुली गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायला लावतात. तेच करायचं, फक्त प्रत्येक चुकीला एक आणा. गाणंही तिनंच जुळवलं:

“झाकण झाकलं, फडकं बांधलं, आत दडलं काय?
चुकला त्याचा आणा गेला, रडून उपयोग नाय.”

सगळं छान होतं. घोटाळा एकच. पहिला मान वडीलधाऱ्याचा, म्हणून नाना पुढे बसायचे, उगाच डौल म्हणून आधी एक आणा टाकायचे, आणि पहिल्याच झटक्याला बरोबर सांगायचे. दुसऱ्या कुणाची चुकायची पाळीच येत नव्हती. वर पहिल्या दिवशी त्यांनी मिशीला पीळ देऊन सगळ्यांसमोर सांगितलं होतं, “ज्या दिवशी मी तीनदा चुकेन, त्या दिवशी जे कमी पडेल ते माझ्याकडून.”

कोजागिरीला चार दिवस उरले होते.

“त्यांचे कान तिखट आहेत,” कौतिकचा धाकटा भाऊ मगन म्हणाला. “डबा खुळखुळला की त्यांना कळतं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी खसखशीचे लाडू कापसात गुंडाळून ठेवले. कापूस काय, आळीत पोत्यांनी होता. डबा हलवला तरी चूं नाही.

“खसखशीचे लाडू,” नाना म्हणाले.

“मग नाक,” मगन म्हणाला.

तिसऱ्या दिवशी साखरफुटाण्यांवर हिंगाची पुरचुंडी ठेवली. झाकण उघडल्यावर पुढच्या रांगेतल्या चार बायका शिंकल्या. पण त्याआधीच नानांनी “साखरफुटाणे” म्हणून हात पुढे केला होता.

झुंबरला त्या रात्री चैन पडेना. शेजारी लोटन तापात कण्हत होता. ती त्याच्या कपाळावरची घडी बदलायची आणि डब्याचा विचार करायची. मग एकाएकी तिच्या लक्षात आलं. नाना डब्याला कधी हातच लावत नाहीत. हलवत नाहीत, हुंगत नाहीत. डबा समोर येण्याआधीच त्यांना माहीत असतं.

“आपल्यातलाच कुणी फितूर आहे,” सकाळी कौतिक म्हणाला आणि त्यानं मगनकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय पाहतो भो? मी तर खिरापत खातो. सांगत फिरायला तोंड मोकळं असतं का माझं?”

हे खरंच होतं. भांडण तिथंच मिटलं.

चौथ्या संध्याकाळी मात्र गंमत झाली. नानांनी डोळे मिटले, आणा टाकला आणि ते म्हणाले, “ओव्याच्या पुऱ्या.”

“चूक,” झुंबर इतक्या जोरात म्हणाली की अक्का दचकली.

नाना गोंधळले. दुसरा आणा टाकत म्हणाले, “मग शेवया. गुळातल्या.”

शेवयाच निघाल्या. लोक उठले. पण झुंबर जागची हलली नाही. “ओवा कुठून आला यांच्या डोक्यात?” ती पुटपुटली. “आज घरात ओव्याचा दाणा शिजला नाही.”

“शिजला नाही, पण आणला होता,” मगन म्हणाला. “अक्काचं पोट दुखत होतं ना. गुळाबरोबर मीच आणला, नानांच्या दुकानातून.”

तिघांच्या एकदम ध्यानात आलं.

तीळ नानांच्या दुकानातले. खसखस त्यांच्याच तराजूतली. फुटाणेही तिथलेच. आळीत किराण्याचं दुसरं दुकान होतं कुठे? खिरापत शिजायच्या आधीच नानांच्या हातांनी तोलली जात होती.

“आता यांना चांगलं तोलून द्यायचं,” झुंबर म्हणाली.

कोजागिरीच्या सकाळी कौतिक दुकानात गेला आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, “नाना, पैशाचे वेलदोडे द्या. कुणाला सांगू नका हं.” घटकाभरानं मगन गेला, खडीसाखर घेऊन आला. मग झुंबर स्वतः गेली आणि बेदाण्याची पुडी ओच्यात लपवत बाहेर पडली. नानांच्या मिशा आनंदानं थरथरत होत्या.

“पण डब्यात घालायचं काय?” कौतिकनं विचारलं. “नानांच्या दुकानात नाही असं काय आहे गावात?”

“दगड,” मगन म्हणाला.

“खाता येईल असं, बैला.”

आत अक्का लोटनच्या मिनतवाऱ्या करत होती. “खाय ना रे माह्या राजा. एवढा एक घास.” लोटन तोंड फिरवत होता. झुंबरनं त्या वाटीकडे पाहिलं आणि ती हसायला लागली. तिनं मुलांच्या कानात सांगितलं.

“वेडी आहेस?” कौतिक म्हणाला. “ते आपल्या गावात गुरंसुद्धा खात नाहीत.”

“म्हणूनच.”

दिवेलागणीला ओटा भरून गेला. वरच्या आळीचीही माणसं आली होती. लीलाधर डॉक्टर सायकल भिंतीला टेकवून मागे उभे होते. पहाटेची गाडी धरून त्यांना भुसावळला जायचं होतं, पैसे घेऊन किंवा नुसतंच नाही म्हणायला.

गाणं झालं. डबा पुढे आला. नानांनी डोळे मिटले.

“बेदाणे घातलेला शिरा.”

“चूक.”

“खडीसाखरेचं पंचखाद्य.”

“चूक.”

नानांनी डोळे उघडले. प्रथमच त्यांनी डबा उचलला, हलवला, नाकाशी नेला. आत काहीतरी जड, मऊ, फडक्यात गुंडाळलेलं होतं. वेलदोड्याचा वास येत होता. बाकी कसला वास येतोय हे त्यांना कळेना. “वेलदोड्याची बासुंदी घट्ट केलेली,” ते घाईनं म्हणाले.

“चूक. तीन झाल्या, नाना.”

मग जो तो पुढे घुसला. कुणी पेढे म्हणालं, कुणी सांजोऱ्या, कुणी चारोळ्यांची बर्फी. टणाटण आणे पडू लागले. ज्यांनी कधी भुलाबाईकडे पाहिलं नव्हतं असे बाप्येही पैज मारून ओरडत होते. काहीच जमेना.

इतक्यात अक्काच्या मांडीवरचा लोटन कुरकुरला, “मले केळं नको. रोज रोज केळं.”

झुंबरनं दचकून त्याच्याकडे पाहिलं. कौतिकनं मगनचा हात घट्ट दाबला. आता कुणीतरी ऐकणार, आता कुणीतरी म्हणणार.

“पोराले भूक नाही वाटतं,” एक बाई अक्काला म्हणाली, आणि डब्याकडे वळून ओरडली, “बदामाचा हलवा.”

“चूक,” झुंबर म्हणाली.

शेवटी सगळे थकले. तिनं गाठ सोडली आणि एकेक पिकलं केळं काढून देत गेली, वेलदोड्याची पूड लावलेलं. क्षणभर कुणाला काही कळेना. ज्या गावातून केळ्यांनी भरलेल्या मालगाडीच्या वाघिणी रोज दिल्लीकडे जातात, जिथे हवेलाच केळ्याचा वास असतो, तिथे खिरापत म्हणून केळं. मग जे हसणं उठलं ते थांबेचना. सगळ्यात मोठ्यानं नाना हसत होते.

“हरलो, पोरी,” ते डोळे पुसत म्हणाले. “जे माझ्या तराजूत येतं तेच मला दिसतं. शब्द दिला, पाळतो. डॉक्टर, पहाटे पैसे घेऊनच निघा.”

झुंबरनं मग त्यांच्या दुकानाचं गुपित सगळ्यांसमोर फोडलं. बायांनी पदरात तोंड लपवलं. नाना कानकोंडे झाले. पण डॉक्टर हसले नाहीत. ते गर्दीतून पुढे आले.

“नाना, म्हणजे कोणत्या घरात ओवा, सुंठ, काढ्याचं सामान कधी गेलं, ते तुमच्या ध्यानात असतं?”

“असतं तर. काढ्याचं सामान गेलं की समजायचं, त्या घरात पोर आजारी पडलं.”

“मग मला यंत्राइतकीच तुमचीही गरज आहे. मला दुखणं आठ दिवसांनी कळतं, तुम्हाला पहिल्या दिवशी. बसाल माझ्या वहीपाशी?”

नानांनी मान डोलावली. या वेळी मिशीला हात लावला नाही.

कोजागिरीनंतर चौथ्या दिवशी यंत्र आलं आणि खालच्या आळीत पोरांची रांग लागली. मगन सगळ्यात पुढे होता, कारण सुई टोचून घेणाऱ्याला नाना गूळ देत होते. दुसऱ्यांदा रांगेत उभा राहिला तेव्हा त्याला कान धरून काढावं लागलं. लोटनच्या बोटातला थेंब काचेवर पसरला. डॉक्टर त्या पितळी नळीत डोळा घालून किती तरी वेळ वाकले होते.

“हिवताप,” ते शेवटी म्हणाले. “नक्की हिवतापच. आता कोयनेल ओकला तरी सोडायचं नाही. हा उठेल.”

अक्कानं तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. मग झुंबरच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, “माय, आम्ही मोठी मानसं नुसती यादी हरवत बसलो व.”

“सगळ्यांचा हिवताप नाही,” डॉक्टर पुढची काच पुसत म्हणाले. “या दोघांचं काही वेगळंच आहे. तेही शोधायचंय.” त्यांनी वही झुंबरकडे सरकवली. “तुझं अक्षर चांगलं आहे. लिही. घर कोणाचं, विहीर कोणती.”

रांगेतली पुढची पोर सुई बघून रडायच्या बेतात होती. झुंबरनं डाव्या हातानं तिचं बोट धरलं आणि उजव्या हातात टाक घेतला.