बघून घेतो

"ताजी आहे हो काका, सकाळचीच," मेथीची जुडी पुढे करत भाजीवाली म्हणाली.

रंगनाथ खुस्प्यांच्या कानातला आशयक पुटपुटला, "कालची आहे."

त्यांचा चेहरा पाहून ती हसली. "बरं, कालची. या मण्यानं आमचा धंदा बसवला बघा!"

आशयक म्हणजे मुगाएवढा मणी. बोलणाऱ्याचा आवाज आणि श्वास यांवरून शब्दांमागचा हेतू आणि मनात दडलेलं खरं तो ऐकणाऱ्याला सांगे. तीन वर्षांत तो घरोघरी पोचला होता. त्याच्याच भरवशावर उत्तरसंघ आणि पूर्वसंघ या दोन वैरी महासत्ता पुन्हा बोलू लागल्या होत्या. परवा त्या आपापली अस्त्रांची कोठारं एकमेकींना उघडून देणार होत्या. त्या समारंभात जुने निरीक्षक म्हणून रंगनाथांचा सत्कार होता.

मेथी न घेताच ते सगुणा थोट्यांच्या घरी गेले.

"या, सत्कारमूर्ती!" सगुणाबाई चहा ओतत म्हणाल्या. "मणी काढून ठेवू का? तुला बोलायला बरं पडेल."

"राहू दे. त्यासाठीच आलोय."

चौतीस वर्षांपूर्वी दोघं एका बर्फाळ बेटावर नोकरीला होते. अस्त्रकपातीच्या करारावर देखरेखीला दोन्ही महासत्तांना तिसऱ्या देशाची माणसं हवी होती. रंगनाथ अस्त्रं तपासत. सगुणाबाईंनी तिथल्या दुभाष्या यंत्राला मराठी शिकवली होती. एकदा रंगनाथ उत्तरसंघाच्या वतीने तपासणीला गेले, तेव्हा पूर्वसंघाच्या अधिकाऱ्याने त्यांना कोठाराच्या फाटकाबाहेर तीन तास बर्फात उभं केलं. रंगनाथ म्हणाले, "उद्या बघून घेतो." यंत्राने धमकी ऐकवली. फाटक बंद झालं, करार मोडला, आणि दोन्हीकडे नवी अस्त्रं उभी राहू लागली.

चौकशीत रंगनाथांनी सांगितलं, "उद्या कोठार बघून घेतो, तपासतो, एवढंच म्हणायचं होतं. यंत्राला मराठी नीट शिकवलेली नाही." सगुणाबाईंची नोकरी गेली. पुढे शाळेच्या पुस्तकात धडा आला, 'एका क्रियापदाची चूक'. सगुणाबाईंच्या नातीनेही तो पाठ केला.

आता रंगनाथांची मान वर होईना. "मी धमकीच दिली होती, सगुणा. यंत्र बरोबर होतं. तू बरोबर शिकवलं होतंस."

सगुणाबाईंच्या कानातला मणी गप्प राहिला. शब्द आणि हेतू एकच असले की तो गप्पच राही.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "माझं यंत्र मला माहीत नसेल? नातीला मात्र सांगितलं नाही. तिनं पुस्तकाचंच खरं मानलं असतं."

"परवा सगळ्यांसमोर सांगतो."

"आणि मग? भांडण आमचं नव्हतंच, यंत्राने लावलं, असं म्हणत दोन्ही संघ जवळ आलेत. तेवढ्यावर दोघांचीही अब्रू राहिलीय. ते काढून घेतलंस, तर कोठारं उघडतील?"

"तिथं खोटं बोललो तर हजार मणी सांगतील."

"मग जाऊ नकोस. ताप आलाय म्हणून कळव."

"आणि तुझ्या नावावरचा डाग?"

सगुणाबाईंनी बशी त्यांच्यापुढे सरकवली. बशीतला चहा निवत चालला होता.

"तूच सांग," रंगनाथ शेवटी म्हणाले. "तू म्हणशील ते करतो."

सगुणाबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "माझी नोकरी घालवताना मला विचारलं नव्हतंस, रंगनाथ. आता जगाचं काय करायचं, तेही मीच ठरवायचं?"