ठिपके नसलेला किडा

कीड तर वेचून टाकली, मग पावट्याचा वेल आणखीच का सुकतोय? हे कोडं तन्मयीला काही केल्या सुटेना. पानं मुडपली होती, हाताला चिकट लागत होती. कोवळ्या शेंड्यांवर मावा (रोपाचा रस शोषणारे बारीक, मऊ किडे) नुसता दाटून बसला होता.

हा वेल साधासुधा नव्हता. बाहेरच्या शेतांवर वर्षानुवर्षं विषारी फवारे मारले गेले, त्यात चांगले-वाईट सगळेच किडे संपले आणि पावट्याचं हे वाणही गेलं. ते उरलं होतं फक्त आप्पांच्या काचघरात. यंदा शेंगा धरल्या नाहीत, तर पुढे पेरायला बीच राहणार नव्हतं.

आप्पा म्हणजे तन्मयीचे आजोबा, कीटकशास्त्रज्ञ. त्यांनी एका प्रयोगशाळेच्या हातापाया पडून डबीभर ढालकिडे (लाल पाठीवर काळे ठिपके असलेले भुंगेरे) आणले आणि वेलावर सोडले. ढालकिडे मावा खातात. तन्मयीला तर ते इतके आवडले की तिने काहींची नावंही ठेवली.

मग आप्पा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेले. इकडे ढालकिडे एकेक करून दिसेनासे झाले आणि वेलावर काळ्या, काटेरी, ओंगळ अळ्या फिरू लागल्या. ह्यांनीच माझे ढालकिडे खाल्ले, असं तन्मयीने ठरवूनच टाकलं. काचघराची राखण करणाऱ्या यंत्रमानवाला, राखण्याला, तिने एक अळी दाखवली आणि सांगितलं, "ही कीड. दिसेल तिथे वेच." राखण्या सांगितलेलं काम चोख करी. त्याने चिमट्याने सगळ्या अळ्या उचलल्या आणि साबणाच्या पाण्यात टाकल्या.

आप्पा परतले तेव्हा तिने हे सगळं मोठ्या ऐटीत सांगितलं. काळा चष्मा लावलेले आप्पा पालथ्या घमेल्यावर बसले.

"तन्मयी, त्या अळ्या म्हणजे ढालकिड्यांचीच पिल्लं होती गं."

"पण त्या तशा दिसत नव्हत्या, आप्पा."

"नसतातच. अंड्यातून निघते ती काळी अळी. ती खाऊन खाऊन वाढते, मग पानाला चिकटून कोष (आत नवं शरीर घडतं ते कवच) होते आणि त्यातून ढालकिडा बाहेर पडतो. असं रूप पालटण्याला रूपांतरण म्हणतात. तुझे मोठे ढालकिडे कोणी खाल्ले नाहीत. त्यांचं आयुष्य सरलं होतं. जाण्याआधी ते माव्याजवळ अंडी घालून गेले, पिल्लांची उपासमार होऊ नये म्हणून."

"आणि मी ती पिल्लं... आपण अजून एक डबी मागवू या ना."

"प्रयोगशाळेकडचीही ती शेवटचीच होती."

आप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. तन्मयीला रडू आवरेना. रडतच ती भिंग घेऊन एकेक पान उलटं करून पाहू लागली, कारण आप्पांना अजून नीट दिसत नव्हतं. खालच्या एका जून पानामागे दोन नारिंगी कोष सापडले. ते अळीसारखे दिसत नव्हते, म्हणून राखण्याने सोडले होते. एक काळा पडून मेलेला होता. दुसऱ्याला काडीने हळूच डिवचलं, तसा तो जागच्या जागी उसळला; तो जिवंत होता.

पुढे वेल वाळतच गेला. एका फांदीवर तेवढी एक शेंग हिरवी राहिली.

एके सकाळी राखण्या चिमटा उचलून उभा होता. "पिवळा किडा. ठिपके नाहीत. ओळखीचा नाही. कीड आहे का? वेचू?"

तन्मयीने पाहिलं. ढालकिडा लाल असतो, हा तर फिक्का पिवळा. तिच्या ओठांवर 'हो' आलं होतं. तिने ते गिळलं.

"थांब. आधी तो काय खातो ते बघू या."

ती तिथेच बसून राहिली. दुपारपर्यंत पिवळ्या पाठीवर हळूहळू लाली चढली, काळे ठिपके उमटले. मग तो किडा चालत चालत शेंगेजवळच्या माव्यापाशी गेला आणि खाऊ लागला.

"एकटाच आहे, आप्पा," ती हळूच म्हणाली.

"मग एकच शेंग सांभाळू दे त्याला. तिच्यातही बी असतं."

राखण्याने सकाळपासून उचललेला चिमटा खाली घेतला.