बाहेर पडणारा श्वास

मिरजेतल्या साथरुग्णालयाच्या तळघरात यमुना सलगरने एकशे बारावा श्वासटोप तपासायला घेतला. संगणकाचा पंखा, व्हॅक्यूम क्लीनरची गाळणी, पारदर्शक प्लास्टिकचा टोप, कमरेला बॅटरी. बाहेरून माल यायचा थांबला, तेव्हा तिने हे साधन घरच्या घरी जुळवलं होतं. सात आठवड्यांत, श्वासातून पसरणाऱ्या धूळतापाच्या वॉर्डातली एकही परिचारिका आजारी पडली नव्हती.

तरी तिला चैन पडत नव्हतं. हाडांच्या वॉर्डात धूळतापाचा एकही रोगी ठेवलेला नसताना तिथल्या चौघांना तो झाला होता. आणि त्याच वॉर्डात खुबा मोडलेली तिची आई होती.

डॉ. रणभिसे जिना उतरून आले. "गाळण्या फाटल्यात का?"

"छे! वॉर्डावॉर्डांत फिरून रोज मी स्वतः बघते. टोप घालूनच जाते."

"हवा आत येते ती गाळून. बाहेर कुठून जाते?"

"गळ्याजवळच्या फटीतून. आतला दाब जास्त असतो, म्हणून तर जंतू आत शिरत नाहीत."

"आणि बाहेर जाणारा श्वास कोण गाळतं?"

यमुनाचा हात थांबला. कुणीच नाही. टोप घालणाऱ्याला वाचवत होता, समोरच्याला नव्हे. उलट टोपाच्या भरवशावर माणसं आत मास्क लावीनाशी झाली होती, रोग्यावर बिनधास्त वाकत होती.

"कुणीतरी लक्षणांशिवाय रोग वागवतंय," रणभिसे म्हणाले. "पण सगळ्या कर्मचाऱ्यांची दिवसाआड तपासणी होते. एकही बाधित नाही."

यमुना खुर्चीत बसली. "डॉक्टर, मी कर्मचारी नाही. माझी तपासणी कधी झालीच नाही. आणि वापरून आलेले टोप इथे मी उघड्या तोंडानेच उघडते."

वीस मिनिटांनी पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

"आई?" तिने विचारलं.

"सकाळी तपासलं तेव्हा तरी ठीक होत्या."

यमुनाने पेटीतला कोरा टोप त्यांच्यापुढे सरकवला. "मग आजपासून हा तिच्या डोक्यावर. आणि सिस्टरांना सांगा, टोपाच्या आत मास्क लावल्याशिवाय कुणी वॉर्डात पाऊल टाकायचं नाही."

तोंडावर दुहेरी मास्क बांधून ती वॉर्डाच्या बंद काचेच्या दाराबाहेर उभी राहिली. आत परिचारिका टोपाचा बंद आवळत होती आणि आई तिचे हात झटकत होती. भिंतीवरच्या ध्वनिक्षेपकातून आईचा आवाज आला, "ह्या पोरीला नको त्रास. यमे, तूच बांध की गं! दारात काय उभी राहिलीस परक्यासारखी?"

आईने हात पुढे केला. यमुना दोन पावलं मागे सरली.